बे दुणे दोन

थोरली पाचवीत गेली त्या वर्षी मी तिला एका ऑनलाइन कोडिंग क्लासला घातलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आलं, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हाच विषय होता. आपली मुलगी मागे पडायला नको, एवढाच माझा विचार. तीन महिन्यांनी तिला प्रमाणपत्र मिळालं आणि तिने केलेला चेंडूचा खेळही. मी विचारलं, "हा चेंडू भिंतीला लागून परत कसा येतो गं?" ती म्हणाली, "सरांनी तिथे तो ब्लॉक लावायला सांगितला." पुढे तिला काही सांगता येईना. सर स्क्रीन दाखवायचे, ही बघून बघून तसंच लावायची. शुद्धलेखनाची वही भरावी तसं.

पुढचे पैसे मी भरले नाहीत. घरीच शिकू असं ठरवलं. मी कऱ्हाडला एका पतसंस्थेत नोकरीला आहे. एमएस-सीआयटी झालंय, पण प्रोग्रॅम कधी लिहिला नव्हता. म्हणून मी आधी दोन आठवडे रात्री मुलं झोपल्यावर स्वतः शिकायला बसले आणि मग आठवड्यातून चार संध्याकाळी अर्धा-अर्धा तास आम्ही सुरू केलं. नियम एकच ठेवला: माउस आणि कीबोर्ड तिच्याच हातात. मी शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. हा नियम पाळणं मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप अवघड गेलं. चूक डोळ्यांसमोर दिसत असते आणि बोट आपोआप पुढे जातं.

सुरुवात स्क्रॅचने केली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते बनवलं आणि २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत न्यायचे, की प्रोग्रॅम तयार. फुकट आहे. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, आमच्या चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही चाललं. ठोकळ्यांवरची नावं आम्ही इंग्रजीच ठेवली. पहिले काही दिवस मी मराठी अर्थ चिठ्ठ्यांवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवले होते. महिनाभरात त्या गळून पडल्या, पुन्हा लावाव्या लागल्या नाहीत. मुलं ठोकळा रंगावरूनच ओळखतात.

पण स्क्रॅच उघडायच्या आधी आठवडाभर आम्ही खेळलो ते हॉलच्या फरशीवर. धाकटा तिसरीत. तो झाला कासव, थोरली हुकूम देणार. पुढे चार फरश्या, उजवीकडे वळ, पुढे दोन. पहिल्याच संध्याकाळी भांडण! ती त्याच्या समोर उभी होती. ती म्हणाली "उजवीकडे", तो त्याच्या उजवीकडे वळला, आणि तिच्या हिशेबाने ते चुकलं. "उजवीकडे म्हणजे कुणाच्या?" असं त्याने विचारलं तेव्हा मला वाटलं, हेच तर शिकायचं होतं. कासवाला आपलं मन कळत नाही. आपण सांगितलं तेवढंच तो करतो, तेही त्याच्या बाजूने. ही कल्पना माझी नव्हे. १९६७ साली सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. तिचं कासव पुढे खरोखरच जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, पेन घेऊन रेघ ओढत जाणारं. मुलाने स्वतःच्या अंगाने चालून बघावं, मग सांगावं, हा त्यांचा विचार होता.

त्याचा उपयोग त्रिकोणाच्या वेळी झाला. स्क्रॅचमध्ये रेघा काढायचे पेनचे ठोकळे आधी दिसत नाहीत, खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून ते जोडावे लागतात. त्यात आमची एक संध्याकाळ गेली. चौरस लगेच जमला: शंभर पावलं, ९० अंश वळ, असं चार वेळा. मग त्रिकोण. तिने विचारलं, "किती अंश?" मी विश्वासाने सांगितलं, "समभुज त्रिकोणाचा कोन साठचा." तिने तीन वेळा शंभर पावलं आणि ६० अंश लावलं. रेघा एकमेकींना मिळेचनात, उघड्या परातीसारखं काहीतरी झालं. तिने तीनाचे सहा केले आणि षटकोन निघाला. "आई, हे तर मधमाशीचं घर!" ती खूष होती. मी मात्र कोड्यात पडले.

उत्तर फरशीवर मिळालं. खडूने त्रिकोण काढला आणि कासवाला त्यावरून चालवलं. कोपऱ्यावर आल्यावर त्याला किती वळावं लागतंय ते थोरली वाकून बघत होती. आतला कोन साठचा असतो खरा, पण चालणारा वळतो बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२०. पूर्ण फेरी मारून आल्यावर तो एकदाच गोल फिरलेला असतो, ३६० अंश. म्हणजे जितक्या बाजू तितक्यांनी ३६० ला भागायचं. हे शेवटचं वाक्य तिचं, माझं नव्हे. मग तिने पाच, आठ, दहा, बारा बाजू केल्या. सात बाजूंना ५१ लिहिलं, तर शेवटी बारीकशी फट राहिली. साती एक्कावन्न तीनशे सत्तावन्न, तीन अंश कमी पडले होते. मग भागाकाराचा ठोकळाच आत बसवला आणि फट मिटली. मी चुकीचं सांगितलं होतं, हे तिला सांगायला मी विसरले नाही. आईचंही चुकतं, आणि चुकलं तर तपासता येतं, हे तिला कळायला हवं होतं.

सहावीत गेल्यावर आम्ही पायथनवर आलो, म्हणजे ठोकळ्यांऐवजी ओळी टाइप करायच्या भाषेवर. पायथनसोबत आयडल नावाची साधी खिडकी मिळते, आम्हाला तेवढी पुरली. तिथेही कासव आहे, टर्टल नावाचं. तिने पहिलीच फाइल जपून ठेवताना नाव दिलं टर्टल. त्यानंतर काहीच चालेना. लाल अक्षरात येत होतं की टर्टलमध्ये टर्टल नाही. पायथन पुन्हा टाकून बघितलं, लॅपटॉप बंद-चालू केला. दोन संध्याकाळी गेल्या, ती रडकुंडीला आली. कारण एवढंच होतं, की पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये शोधतो. तिथे त्या नावाची तिचीच फाइल सापडली, की खऱ्या कासवापर्यंत तो पोचतच नाही. नाव बदललं आणि सुरू झालं. घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते: फाइलचं नाव तुमच्या मुलाचं द्या, मांजराचं द्या, पण जे वापरताय त्याचं देऊ नका.

त्या दोन दिवसांनंतर आणखी एक सवय लावली. लाल अक्षरं आली की घाबरायचं नाही, शेवटची ओळ आधी मोठ्याने वाचायची. मग मी दोनच प्रश्न विचारते. तू काय सांगितलंस? त्याने काय केलं?

पाढ्यांचा प्रोग्रॅम तिने स्वतः निवडला, धाकट्याचे पाढे घ्यायचा कंटाळा यायचा म्हणून. स्क्रॅचमध्ये तिने तो आधी केला होता: एके, दुणे, त्रिक, चोक अशी दहा शब्दांची यादी आणि एकापासून दहापर्यंत मोजणी. तोच पायथनमध्ये लिहिला. चालवला आणि पहिलीच ओळ धाकट्याने वाचली, "बे दुणे दोन." पुढे बे त्रिक चार, बे चोक सहा. सासूबाई दिवा लावून नुकत्याच येऊन बसल्या होत्या. त्या दचकल्या. "अगं, बे दुणे चार गं! काय शिकवतेस त्याला?" शेवटी बे दाहे अठरा झालं आणि खाली लाल अक्षरं: लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज, म्हणजे यादीत तेवढे शब्दच नाहीत.

मी गप्प बसले. तिने कागदावर दहा चौकोन काढले, प्रत्येकात एकेक शब्द लिहिला आणि कोणत्या आकड्याला कोणता शब्द येतो ते पायथनला एकेक करून विचारलं. एकला "दुणे" आलं. मग तिने शून्य विचारलं. "एके" आलं. स्क्रॅचची यादी एकपासून मोजते, पायथनची शून्यापासून. मी म्हटलं, आपल्या आत्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजला असतो ना, आणि पहिला मजला त्याच्या वर, तसं. तिने एक वजा केला आणि पाढा सरळ झाला. पण तिचा चेहरा काही पटलेला नव्हता. "शून्यापासून का पण? उगाच वजा करायचं."

ते पटलं सासूबाईंमुळे. कोणता पाढा हवा ते प्रोग्रॅम विचारायचा, आणि मराठी कीबोर्डवरून ७ टाकलं तरी पायथनला कळायचं. याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. मात्र तोच मराठी आकडा प्रोग्रॅमच्या ओळीत लिहिला तर चालत नाही. आणि उत्तर यायचं ते इंग्रजी आकड्यांत. सासूबाई म्हणाल्या, "पाढा मराठीत आणि उत्तर इंग्रजीत? अक्षरात येऊ दे की." इंग्रजीत वीसच्या पुढे दोन शब्द जोडले की काम भागतं. आपल्याकडे एकवीस, एकतीस, एकेचाळीस प्रत्येक वेगळा. शून्यापासून शंभरपर्यंत १०१ शब्द टाइप करायचे होते. सासूबाई सांगायच्या, ती लिहायची. आठवडा लागला. पण "शून्य" पहिला घेतल्यामुळे चारला आपोआप "चार" आलं, अठराला "अठरा". वजा काहीच करावं लागलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली. शून्यापासून मोजण्याचं कारण तिला तिचं सापडलं होतं.

तरीही सहाचा पाढा बिघडला. सहा आठी अठ्ठेचाळीस बरोबर, सहा नवे पंचावन्न, सहा दाहे एकसष्ट. लाल अक्षर एकही नाही. १०१ शब्द एकेक वाचायला ती तयार नव्हती. तिने पन्नास विचारलं, बरोबर. पंचाहत्तर, चूक. साठ, चूक. पंचावन्न, चूक. बावन्न, बरोबर. मग त्रेपन्न. स्क्रीनवर आलं "त्रेपन्नचोपन्न". दोन शब्दांमधला स्वल्पविराम राहिला होता. तो नसला की पायथन तक्रार न करता दोन्ही शब्द जोडून टाकतो. आणि त्रेपन्न हे कोणत्याच पाढ्यात उत्तर म्हणून येत नाही, त्यामुळे तो जोडशब्द आम्हाला कधी दिसलाच नव्हता. मधोमध कापत जायची ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

"दोन एके दोन" मात्र सासूबाईंनी चालू दिलं नाही. बे एके बे! म्हणून तिने अट घातली: पाढा दोनचा असेल तर "बे" म्हण, आणि त्यातल्या पहिल्या ओळीचं उत्तरही "बे"च. तिची ही पहिली स्वतः विचार करून लिहिलेली अट.

सध्या घरात पावकी, म्हणजे पावचा पाढा, चालू आहे. सासूबाईंना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं येतं, आणि नातीला ते प्रोग्रॅममध्ये हवंय. यादीत पाव नावाचा कप्पा नसतो, तिथे पूर्ण आकडाच लागतो, म्हणून नेहमीची युक्ती चालली नाही. चार दिवस तिने कागदावर नुसतं लिहून काढलं. काल रात्री जेवताना म्हणाली, "आई, चारने भागून बाकी बघायची. एक उरला तर सव्वा, दोन उरले तर साडे, तीन उरले तर पुढच्या आकड्याला पावणे. सव्वादोन, साडेतीन, पावणेपाच, सगळे बसतात."

"आणि साडेएक?" सासूबाईंनी विचारलं.

आज सकाळी लॅपटॉपच्या कडेला नवी चिठ्ठी दिसली. तिच्या अक्षरात सहा शब्द: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. खाली लिहिलंय, "यांना बेसारखं वेगळं सांगायचं."