पी०१७१ : आयडलिंगला फ्युएल ट्रिम २५ टक्के, आता ७

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा पुन्हा लागला. कोड पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याचा. या कोडवर सर्रास ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. मला ते पटत नाही, कारण बहुतेक वेळा तो खरे तेच सांगत असतो.

म्हणून आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे गाडीचा संगणक (ईसीयू) ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतो ते. शॉर्ट टर्म ही त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म ही मुरलेली. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला लाँग टर्म अधिक २१ आणि शॉर्ट टर्म अधिक ४ टक्के होता. २,५०० आरपीएमला हीच बेरीज अधिक ९ वर उतरली. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम जबर असतो, त्यामुळे आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरला चुकवून फटीतून शिरणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. थ्रॉटल उघडला की तो हिस्सा किरकोळ होतो. म्हणून संशय फटीवर गेला. पेट्रोलचा पंप कमजोर असता, तर उलट भार वाढेल तसा ट्रिम चढला असता. (हवा थेट न मोजता केवळ मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावर, चालणाऱ्या इंजिनाला हा ताळा जसाच्या तसा लावू नये, तिथे अशी फट बहुधा आयडलिंगच वाढवते.)

फट शोधायला तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर (पेट घेणारा सफाईचा स्प्रे) फवारणे धोक्याचे, म्हणून गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घेतली, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहिले. मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि ब्रेक बूस्टरचा पाइप निर्दोष निघाले. इंजिनाच्या तळातली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या पीसीव्ही पाइपच्या वळणाखालून मात्र धुराची बारीक रेघ निघाली. वरून पाइप धडधाकट दिसत होता, पण वाकवताच खालच्या बाजूची नखभर चीर उघडली. आतले रबर तेलाने फुगून लिबलिबीत झाले होते.

पाइप बदलला, कोड पुसला आणि लाँग टर्म ट्रिम स्थिरावेपर्यंत गाडी नेहमीच्या रस्त्यांवर चालवली. आता आयडलिंगला बेरीज अधिक ७ आणि २,५०० ला अधिक ६ आहे. उरलेल्या आकड्याचा संशय मला ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, आहे, कारण गाडी त्याआधीच्या काळातली आहे: एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९, म्हणजे ई-२० ला साधारण १३.५, तेव्हा जुन्या ईसीयूला ठरल्यापेक्षा जास्त इंधन सोडणे भागच आहे. तरीही मळलेला एअरफ्लो सेन्सर जास्त प्रवाहाला हवा कमी मोजतो, त्यामुळे घाटाच्या चढावर ट्रिम वाढतो का, ते पाहायचे आहे. वाढला, तर आधी सेन्सर त्याच्याच क्लीनरने साफ करीन आणि मग फ्युएल प्रेशर मोजीन.