संध्याकाळी मी ऑनलाइन नसतो

सात ते नऊ नेट बंद ठेवतोय तर लोक विचारायलेत, काय झालं, कुणावर नाराज आहेस का. नाही बाबा. तो वेळ मला पाहिजे, बस.

आमच्या आंबाजोगाईत निवांत जागांची कमी नाही, मुकुंदराजांच्या समाधीकडं गेलं की दरी, पावसाळ्यात सगळं हिरवंगार, पण तिथंबी माणसं आल्या आल्या रील काढायलेत, दरीकडं बघायच्या आधी स्क्रीनकडं बघायलेत, लई वाईट वाटतं खरंच.

आणि ही सवय काय आपोआप लागलेली नाही बरं. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरनं न संपणारं स्क्रोल बनवलं, पान संपतच नाही म्हणल्यावर माणूस थांबणार कुठं? (पुढं त्यानं स्वतःच खंत बोलून दाखवली.) २००९ ला फेसबुकवर लाइक आलं, २०१४ ला व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका, म्हणजे वाचलं की लगेच उत्तर द्यायचा धाक. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन त्या बंद करता येतात, मी केल्यात, तुम्हीपण करा.

ग्रुप सगळे म्यूट. घरच्यांना सांगून ठेवलंय, अर्जंट असलं तर साधा कॉल करा, तेवढा चालू असतो. त्या वेळात मी काही भारी करत नाही, गच्चीवर बसतो, बापू सोयाबीनच्या भावाचं, जुन्या दुष्काळाचं बोलत असतात ते पूर्ण ऐकतो, मधे हूं हूं न करता. त्यांनाबी आता बोलावंसं वाटायलंय, हे मला फार मोलाचं आहे.

तुमच्या मेसेजचं उत्तर नऊनंतर देतोच.