दोन मिली इंजेक्शन आणि २६वा दिवस

"गाय माजावरच येत नाही, बघून जा," असा फोन आला. दुसऱ्या वेताची संकरित गाय, रेतन होऊन २८ दिवस. सोनोग्राफीचा प्रोब आत घालताच उजव्या गर्भशिंगात काळ्या पाण्यात सेंटिमीटरभराचा गर्भ दिसला. हृदयाचा ठोका स्वच्छ लुकलुकत होता. पण उजव्या अंडाशयावरचा पीतपिंड, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक बनवणारी गाठ, आक्रसलेला. या दिवसांत तो २० मिलिमीटरच्या पुढे टपोरा हवा, इथे जेमतेम दहा-बारा.

"मधे कोणी इंजेक्शन दिलं का?"

"परवा दिलं ना साहेब, माजाचं." बाटली गोठ्याच्या कोनाड्यातच होती. क्लोप्रोस्टेनॉल, म्हणजे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन, २ मिली, ५०० मायक्रोग्रॅम.

गर्भाने आपलं काम चोख केलं होतं. गाय गाभण नसेल तर १६-१७व्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, पीतपिंड मोडतं आणि २१व्या दिवसाच्या आसपास माज येतो. त्याआधी गर्भाने आपण आहोत हे गाईच्या शरीराला कळवायचं असतं. १३व्या दिवशी काही मिलिमीटरचा असलेला तो १७व्यापर्यंत दोऱ्यासारखा वीतभर ताणतो. जितकं अस्तर व्यापेल तितक्या भागाला त्याचं इंटरफेरॉन टाऊ हे निरोपाचं प्रथिन पोचतं. त्यामुळे अस्तरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा इशारा पकडणारे ग्राही वाढत नाहीत, प्रोस्टाग्लँडिनचे झटके बसत नाहीत, पीतपिंड टिकतो. गर्भ खुरटा राहिला, ताणायला उशीर झाला, तर निरोप पोचायच्या आत पीतपिंड गेलेला असतो आणि गाय वेळेवर उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते.

हा बंदोबस्त गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनपुरताच. सुईने टोचलेलं थेट पीतपिंडावर जातं, तिथे गर्भाचं काही चालत नाही.

इंजेक्शन देणाऱ्याने हात घालून पीतपिंड चाचपला आणि गाय रिकामी ठरवली. पीतपिंड गाभण गाईलाही असतोच, आणि २६व्या दिवशी नुसत्या हाताला गर्भ लागत नाही. रेतनाचं कार्ड खांबाला पिशवीत लटकत होतं, ते कोणी उघडलं नाही. २१व्या दिवशी माज न येणं हाच तर गर्भाचा निरोप होता, आणि त्यालाच आजार समजून औषध दिलं गेलं. याची चीड अजून जात नाही.

३०व्या दिवशी सकाळी गाय माजावर आली. बळसात, म्हणजे माजाच्या चिकट स्रावात, पातळ, पांढुरका पडदा होता; गर्भ गेला होता. "भरायची का लगेच?" मालकांनी विचारलं. हा माज रेतन न करता सोडायला सांगितला. आता प्रत्येक कार्डावर तारखेखाली लाल पेनाने लिहितो: गाभण तपासणीआधी प्रोस्टाग्लँडिन नको.