अलॉय व्हील घरी रंगवताना

माझ्या गाडीच्या अलॉय व्हीलवर लॅकरखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली, पांढुरक्या, धाग्यासारख्या रेषा पसरू लागल्या होत्या. दगड लागून किंवा फुटपाथच्या कडेला घासून लॅकरचा टवका उडाला, की तिथून ओल आणि मीठ आत शिरतं आणि ॲल्युमिनियम रंगाच्या आतल्या आत गंजत जातं. यावर वरवर घासून नवा रंग मारणं मला अजिबात पटत नाही. खालचा गंज थांबलेला नसतो, तो नवा थरही उचलतो. म्हणून मी रंग पार धातूपर्यंत उतरवला.

त्यासाठी जेलसारखा पेंट रिमूव्हर जाड थापायचा आणि वर प्लास्टिक घालायचं, म्हणजे तो वाळत नाही. रंग सुरकुतून फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. आऱ्यांच्या बेचक्यांत आणि नटांच्या खोबणीत तो चिवटपणे धरून बसतो, तिथे पुन्हा रिमूव्हर लावावा लागतो. काम उघड्यावर, चष्मा घालून. हातमोजे रिमूव्हरच्या डब्यावर सांगितलेलेच घ्या, कारण पातळ मोजे काही रिमूव्हरमध्ये विरघळतात. रंग काढायला कॉस्टिक सोडा मात्र कधीही नको. तो ॲल्युमिनियमच खातो आणि वर ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतो. लोखंडी तारेचा ब्रशही मी टाळतो. त्याचे कण मऊ धातूत रुतून पुढे गंजाला कारण होतात.

मग पॉलिश पेपर: खरचटलेल्या कडांना १२० नंबरचा, नंतर २४०, शेवटी ४०० (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). उथळ ओरखडे पुट्टीने भरता येतात. तडा दिसला तर तो पुट्टीने झाकू नका, ते चाक जाणकाराला दाखवा. गाडीचा सगळा भार त्याच्यावर असतो.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि साधा प्रायमर त्यावर नीट धरत नाही. म्हणून घासून, तेलकटपणा पुसून, त्याच दिवशी एच (etch, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर मारायचा. त्यानंतरचं रंगकाम मला सगळ्यात सोपं वाटतं: पातळ हात, दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला वेळ, आणि दमट दिवशी सुट्टी, कारण ओलीने लॅकर दुधाळ होतं. टायर चाकावरच असेल तर खेळायचे जुने पत्ते रिम आणि टायरच्या फटीत गोलाकार खोचावेत. मास्किंग टेपपेक्षा कड स्वच्छ येते.

दोन घटकांचं, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं लॅकर पेट्रोल आणि ब्रेकच्या धुळीपुढे जास्त टिकतं, हे खरं. पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क तिथे काहीच कामाचा नाही. घरी मी एका घटकाचंच लॅकर वापरतो. कमी टिकलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. चाक हबला (गाडीच्या ज्या भागावर ते बसतं त्याला) टेकतं तो मागचा सपाट भाग आणि नट बसतात त्या तिरप्या कडा कोऱ्या ठेवा. तिथला रंग दाबाखाली चेपतो, नटांचा ताण कमी होतो आणि चालत्या गाडीत ते सैल पडू शकतात. चाकं बसवताना नट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्कच्या पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा.