ला होयाचा धक्का आणि थेंबातले नारिंगी ठिपके

सॅन डिएगोला जाणारे बहुतेक लोक प्राणिसंग्रहालय बघतात, मिडवे ही जुनी विमानवाहू नौका बघतात आणि परततात. माझी भाची ला होयाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत काम करते, म्हणून माझ्या वाट्याला संस्थेचा धक्का आला. तक्रार नाही. नौकेसाठी रांग होती, धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं.

जूनमध्ये इथे दुपारपर्यंत मळभ असतं. डोंगरउतारावरून खाली येताना समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघच दिसत नव्हती. वाळूवर केल्पचे ढिगारे पडलेले. केल्प म्हणजे इथलं ताडमाड वाढणारं तपकिरी समुद्रशैवाल. प्रत्येक पानाच्या देठाशी हवेने फुगलेला बोंडाएवढा फुगा. पाय पडला की फट्‌ आवाज येतो आणि बारीक माश्यांचा थवा उठतो. वास कोकणातल्या माणसाला नवा नाही, भाची मात्र अजून नाक मुरडते.

धक्क्याचं फाटक एरवी बंद असतं. मत्स्यालयातर्फे अधूनमधून लोकांना आत नेतात, नाहीतर ओळखीचं कुणी लागतं. आत गेल्यावर साधारण ३३० मीटर सरळ समुद्रात चालायचं. खाली खांबांच्या मधून सर्फिंगवाले निघून जातात. कुणी आपटत कसं नाही, देव जाणे. पहिला धक्का १९१६ मध्ये उभा राहिला, आताचा १९८८ चा. पण २२ ऑगस्ट १९१६ पासून इथल्या पाण्याचं रोजचं तापमान टिपलं जातंय, आणि ही वही मला त्या दोन्ही धक्क्यांपेक्षा मोठी वाटली.

भाचीने दोरीला बांधलेली बादली खाली सोडली. वर आलेलं पाणी हिरवट होतं, पण बाटलीत भरल्यावर अगदी नितळ.

"यात काही दिसत नाहीये," मी म्हटलं.

"थांब ना मामा."

प्रयोगशाळेत तिने ते पाणी नखाएवढ्या काळ्या फिल्टरमधून ओढलं, फिल्टर काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाचा निळा प्रकाश लावून मला पुढे केलं. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर नारिंगी ठिपके, जिकडेतिकडे. एकेक ठिपका जेमतेम एक मायक्रॉनचा. हे सिनेकोकोकस, सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. एका मिलिलिटर पाण्यात हजारोंनी असतात आणि तरीही समुद्रातला त्यांचा पसारा माणसाला कळला तो १९७९ मध्ये, या नारिंगी चमकेमुळेच.

पुढची गोष्ट ऐकायला आम्ही चहा घेऊन बाहेर कठड्यावर बसलो. हे जिवाणू भर समुद्रातही असतात आणि किनाऱ्यालाही, पण घराणी वेगळी. या धक्क्याच्या पाण्यात मुख्यतः दोन घराण्यांचं राज्य आहे. त्यांपैकी एकातला, कॅलिफोर्निया प्रवाहातून मिळालेला सीसी९३११ हा वाण घेऊन स्क्रिप्सच्याच ब्रायन पॅलेनिक यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचा सगळा जनुकसंच वाचला. तो निबंध २००६ चा. त्याआधी, २००३ मध्ये, भर समुद्रातल्या डब्ल्यूएच८१०२ या वाणाचा वाचून झाला होता. त्यामुळे दोघांना शेजारी ठेवता आलं.

भर समुद्र म्हणजे माळावरचं एकटं घर. खायला कमी, पण रोज तेच. किनारा म्हणजे गिरगावातली चाळ. केव्हा कोण दार वाजवेल आणि काय घेऊन येईल, सांगता येत नाही. पावसाचं पाणी वाहून येतं, तळाचं थंड पाणी वर येतं, आज खतासारखं पोषण, उद्या धातू. त्यामुळे बाहेर काय चाललंय ते ओळखणारी प्रथिनं किनाऱ्याच्या वाणात जास्त सापडली: भर समुद्रवाल्याकडे अशी पाच, याच्याकडे अकरा. त्यांचा निरोप ऐकून जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं तिकडे नऊ, इकडे सतरा. लोह आणि तांबं आत घेणं, साठवणं, वापरणं, नको तेव्हा बाहेर टाकणं, याचीही सोय याच्याकडे अधिक. शिवाय प्रकाश निळा आहे की हिरवा हे बघून तो आपल्या रंगद्रव्याचं प्रमाण बदलतो. मघाची हिरवट बादली आठवली, तेव्हा हे पटलं. आणि व्हॅनेडियम वापरणारं एक विकर याच्याकडे निघालं, जे वाळूवरच्या त्या केल्पमध्येही असतं.

भर समुद्रवाला अगदीच बापुडा आहे असं मात्र नाही. शेपटीसारखा कुठलाही अवयव नसताना तो पोहतो. मला तर दोघांत तोच आवडला.

या जास्तीच्या जनुकांपैकी बरीचशी वारशाने आलेली दिसत नाहीत. ती जनुकसंचात गठ्ठ्याने बसलेली आहेत, आजूबाजूच्या भागाशी त्यांची ठेवण जुळत नाही. या गठ्ठ्यांना जनुकीय बेटं म्हणतात. दुसऱ्या जिवाणूंकडून आडवाटेने आलेला हा माल.

दुपारी ऊन पडलं तेव्हा भाची मला गाडीने शेल्टर आयलंडला घेऊन गेली. दोन हजारांहून जास्त बोटी एका खोबणीत उभ्या, शिडाच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टकटक वाजतायत. बोटींच्या बुडाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा रंग देतात, आणि ते तांबं हळूहळू पाण्यात उतरतं. एक पाणबुड्या बुडं घासत होता. दिसत होते फक्त बुडबुडे आणि पाण्यावर पसरणारा लालसर गढूळपणा. इथे तांबं इतकं साठलं की २००५ मध्ये जल नियंत्रण मंडळाने ते ७६ टक्क्यांनी कमी करण्याचं बंधन घातलं.

बहुतेक सिनेकोकोकसना तांबं सोसत नाही. किनाऱ्याचे वाण भर समुद्रवाल्यांपेक्षा जास्त सोसतात, हे २००९ मध्ये दिसलं. मग पॅलेनिक यांच्या गटाने सीसी९३११ च्या बेटांवरची जनुकं एकेक करून निकामी केली. त्यांतली दोन गेल्यावर वाणाची सहनशक्ती घटली. यांपैकी एक जनुक किनाऱ्याच्या पाण्यात शोधलं, तर ते हिवाळ्यात जास्त आढळलं. इथला पाऊस हिवाळ्यातच पडतो, हे मी आपलं माझ्या मनाशी जोडून घेतलं.

"म्हणजे या बोटींमुळे ती जनुकं आली?" मी विचारलं.

"असं नाही म्हणता येत. ही घराणी बोटींच्या कितीतरी आधीची आहेत. आणि ती दोन जनुकं फक्त तांब्याच्या कामाची नाहीत. मिथाइल व्हायोलोजेन टाकलं, तरी ती उपयोगी पडतात."

"ते काय असतं?"

"पॅराक्वाट रे. आजोबा शेतात तण मारायला आणायचे ना, तेच."