टीबीचे 168 डोस

मी फुप्फुसाच्या टीबीचा सहा महिन्यांचा उपचार पूर्ण केला, त्याबद्दल लिहिते आहे. थुंकीच्या नमुन्यापासून सुरुवात करते, कारण पहिली चूक तिथेच होते. हातात डबी आली की बहुतेक जण लाळ थुंकून परत देतात आणि तपासणी वाया जाते. लागतो तो छातीतून खोल खोकून आलेला बेडका, दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा ते एक चहाचा चमचा. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा पोट फुगेपर्यंत श्वास घ्यायचा, थोडा रोखायचा आणि मग खोकायचं. हे गच्चीवर किंवा अंगणात करावं. बंद न्हाणीघरात खोकलं तर उडालेले जंतू तिथल्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात आणि मागून जाणाऱ्याच्या छातीत जातात. मला दोन नमुने द्यावे लागले, एक दवाखान्यातच आणि दुसरा सकाळी उठल्या उठल्या. सकाळचा जास्त चांगला, कारण रात्रभर साचलेलं त्यात येतं.

नमुना ट्रूनॅटवर लागला. हे यंत्र गोव्यात बनतं, आणि ते दोन प्रश्नांची उत्तरं देतं: क्षयाचा जंतू आहे का, आणि असल्यास रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. दुसरं उत्तर पहिल्याइतकंच महत्त्वाचं. रिफॅम्पिसिन चालत नसेल तर पुढची सगळी औषधं बदलतात, त्यामुळे ते कळल्याशिवाय उपचाराची दिशाच ठरत नाही. माझ्या अहवालात ‘रेझिस्टन्स नाही’ असं आलं. आयसोनियाझिड हे दुसरं औषध चालतं का हे पाहायला नमुन्याचा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत गेला, पण त्यासाठी थांबावं लागलं नाही. त्याच दिवशी साखर आणि एचआयव्हीची तपासणी झाली. या दोन्ही टीबीच्या प्रत्येक रुग्णाच्या करतात, कारण मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तर नुसत्या टीबीच्या गोळ्यांनी भागत नाही.

निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली आणि गोळ्या मिळाल्या. दिसायला एकच गोळी, पण तिच्यात चार औषधं असतात: आयसोनियाझिड 75 मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन 150, पायराझिनामाईड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 किलोला चार. माझं वजन 47 होतं, म्हणून रोज तीन. पहिले दोन महिने ही चौघांची गोळी, पुढचे चार महिने पायराझिनामाईड वगळून तिघांची. महिना 28 दिवसांचा धरतात, म्हणजे 56 आणि 112, एकूण 168 डोस. मी पहिल्या दिवसापासून तारखांऐवजी डोस मोजले. त्याचा फायदा पुढे सांगते.

चार औषधं का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर समजलं की गोळ्या सोडाव्याशाच वाटत नाहीत. फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिच्यात दहा कोटी किंवा त्याहून जास्त जंतू असू शकतात. जंतूची संख्या वाढताना आपोआप काही चुका होतात, आणि साधारण दहा लाखांत एखादा जंतू जन्मतःच आयसोनियाझिडला दाद न देणारा निघतो. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण दहा कोटींत एक असं काहीसं आहे. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, हे मोजके उरतात, आणि मोकळ्या जागेत तेच वाढतात. दोन्ही एकदम दिली तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू सापडायला एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील, आणि तितके माणसाच्या अंगात नसतात. म्हणून ही औषधं एकमेकांच्या पाठीशी राहून काम करतात. त्यातलं एखादं मनाने वगळणं म्हणजे उरलेल्यांना उघडं पाडणं.

प्रत्येकाचं कामही वेगळं आहे. आयसोनियाझिड जंतूच्या मेणचट भिंतीचा मालमसाला तयार होऊ देत नाही. भिंत बांधतो तो वाढणारा जंतू, त्यामुळे भराभर वाढणाऱ्यांवर त्याचा मारा सगळ्यात जोरात असतो आणि पहिल्या काही दिवसांतच त्यातले बहुतेक संपतात. इथॅम्ब्युटॉल त्याच भिंतीच्या दुसऱ्या भागावर काम करतं. त्याची ताकद कमी, पण आयसोनियाझिड चालत नसेल तर रिफॅम्पिसिनला एकटं पडू न देणं ही त्याची जबाबदारी. रिफॅम्पिसिन जंतूचं जनुक वाचणारं यंत्रच अडवतं. एरवी निपचित पडलेला जंतू मधेच थोडा वेळ जागा झाला तरी ते त्याला गाठतं. आणि पायराझिनामाईड आंबट वातावरणात चालतं. आपल्या पेशींनी गिळलेले किंवा सुजलेल्या जागी आम्लात दडलेले जंतू इतर औषधांना फारसे सापडत नाहीत, ते याला सापडतात. रिफॅम्पिसिन येण्याआधी हा उपचार दीड वर्षापर्यंत चालायचा. ते आल्यावर नऊ महिन्यांवर आला, पायराझिनामाईडची जोड मिळाल्यावर सहावर.

सगळ्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असं नाही. हा जंतू एकाचे दोन व्हायला वीसेक तास घेतो, त्यामुळे दिवसातून एकदाच पण रक्तात उंच पातळी गाठणं उपयोगाचं. जेवणानंतर घेतल्या, त्यातही तळलेलं-तेलकट खाऊन, तर रिफॅम्पिसिन नीट शोषलं जात नाही. मी सकाळी साडेसहाला पाण्याबरोबर घेत असे आणि नाश्ता तासाभराने. फारच मळमळत असेल तर सोबत दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी चालते, कारण गोळी उलटून पडण्यापेक्षा थोडी कमी शोषली गेलेली बरी. ॲसिडिटीची पांढरी पातळ औषधं त्याच वेळी घेऊ नयेत. त्यातल्या ॲल्युमिनियममुळे आयसोनियाझिड कमी शोषलं जातं.

पहिल्याच दिवशी दोन-तीन तासांत लघवी नारिंगी झाली. हा रिफॅम्पिसिनचा रंग. घाम आणि डोळ्यांतलं पाणीही नारिंगी होतं, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्म्यावर यावं. हा रंग निरुपद्रवी आहे, पण तोच घोटाळाही करतो, कारण कावीळ झाली तरी लघवी गडद होते. फरक असा: औषधाचा रंग गोळीनंतर काही तास जास्त असतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत फिकटतो. काविळीत दिवसभर गडद राहतो, अन्नाचा वास नको होतो, उजव्या बरगडीखाली दुखतं आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. डोळे आरशात दिवसाच्या उजेडात पाहावेत, ट्यूबलाईटखाली कळत नाही.

चौथ्या आठवड्यात मला जेवणाची शिसारी आली, म्हणून यकृताची तपासणी केली. एएलटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) 92 आलं, कमाल मर्यादा 40. उलटी-मळमळीसारखी लक्षणं असतील तर मर्यादेच्या तिप्पट आणि काहीच लक्षण नसेल तर पाचपट, इतकं वाढल्यावर गोळ्या थांबवतात. माझं त्याच्या आत होतं, म्हणून गोळ्या चालू ठेवून दर आठवड्याला रक्त पाहिलं, आणि तीन आठवड्यांनी ते 50 च्या खाली आलं. अशी थोडी वाढ पुष्कळांना होते आणि आपोआप उतरते. तिप्पट-पाचपटीच्या पुढे गेलं तर यकृताला जड जाणारी तिन्ही औषधं बंद करतात, म्हणजे इथॅम्ब्युटॉल सोडून बाकी सगळी, आणि रक्त ताळ्यावर आल्यावर एकेक करून परत सुरू करतात. कोणामुळे झालं ते त्या क्रमात कळतं. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. या काळात दारू पूर्ण बंद, आणि कावीळ उतरवणारं म्हणून कोणी आणून दिलेलं झाडपाल्याचं औषधही नको. त्यात काय आहे ते माहीत नसतं आणि यकृत आधीच ओझं वाहत असतं.

पायराझिनामाईडमुळे युरिक ॲसिड वाढतं, कारण ते मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही. माझे खांदे आणि गुडघे दुखले. दोन महिन्यांनी ते औषध गेलं आणि दुखणंही गेलं. आयसोनियाझिड शरीरातलं बी-6 जीवनसत्त्व खर्ची पाडतं, त्याने तळपायांत मुंग्या आणि जळजळ सुरू होते, म्हणून पायरिडॉक्सिन 10 मिलिग्रॅम रोज सोबत देतात. गोळ्यांच्या पाकिटात ती वेगळी छोटी गोळी नसेल तर मागून घ्यावी. इथॅम्ब्युटॉलचा धोका डोळ्यांना, आणि तो हळूहळू येतो. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यास लवकर लक्षात येत नाही. मी दर रविवारी भिंतीवरच्या कालनिर्णयातले लाल आकडे एक डोळा झाकून वाचत होते, मग दुसरा. लाल फिकट किंवा तपकिरी वाटू लागला, आकडे पुसट झाले, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. वेळेत थांबवलं तर नजर बहुधा परत येते.

रिफॅम्पिसिनचा आणखी एक गुण फार कमी लोक सांगतात. ते यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं, आणि मग इतर गोळ्याही लवकर मोडल्या जातात. माझी थायरॉईडची गोळी वर्षानुवर्षं बसलेली होती, तरी सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईड कमी पडत असेल तर वाढणारं रक्तातलं संप्रेरक) वर गेला आणि डोस वाढवावा लागला. उपचार संपल्यावर तो पुन्हा कमी केला. दोन्ही गोळ्या रिकाम्या पोटी लागतात, म्हणून डॉक्टरांनी थायरॉईडची रात्री जेवणानंतर तीन तासांनी नेली. गर्भनिरोधक गोळ्यांचंही हेच होतं, त्या भरवशाच्या राहत नाहीत. या सहा महिन्यांत आणि नंतरचा महिनाभर दुसरी पद्धत वापरावी. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिटांची औषधं, मधुमेहाच्या काही गोळ्या, एचआयव्हीची औषधं, जे काही चालू आहे त्याची चिठ्ठी पहिल्याच दिवशी समोर ठेवावी. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं होऊ देऊ नये.

आपल्या किनारपट्टीच्या लोकांसाठी एक खास गोष्ट: आयसोनियाझिड चालू असताना शिळा बांगडा किंवा कुपा खाऊ नये. हे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांत हिस्टामाईन तयार होतं आणि ते शिजवल्याने जात नाही. एरवी आपलं शरीर ते मोडतं, पण आयसोनियाझिड तो मार्ग अडवतं. जेवण झाल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, डोकं ठणकणं, छातीत धडधड, अंगाला खाज. लोकांना वाटतं गोळीची ॲलर्जी आली आणि ते गोळी सोडतात. ताजा मासा खुशाल खावा, प्रथिनांची या काळात गरजच असते. अंडी, शेंगदाणे, हरभरे, डाळी जितकं जाईल तितकं. पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात, सहा महिन्यांचे 3000 च्या दोन हप्त्यांत. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर ते अडकतात, तेवढं आधी पाहावं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप गेला, खोकला कमी झाला. इथेच सगळ्यात जास्त माणसं गळतात. ताप आणि वजन उतरणं हे भराभर वाढणाऱ्या जंतूंचं काम होतं आणि ते आता संपलेत. उरलेत ते झोपलेले, जे काहीच जाणवू देत नाहीत. पुढचे पाच महिने त्यांच्यासाठीच आहेत. त्या काळात ज्याला औषध चालतंय की नाही ते अंगावरून कळत नाही, त्याला डोस मोजण्याशिवाय इलाज नाही. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. प्रवासात माझे तीन डोस चुकले, ते शेवटी जोडले आणि तारीख तीन दिवस पुढे गेली. 168 हा आकडा गाठायचा असतो, कॅलेंडरवरचा दिवस नव्हे.

56 डोस झाल्यावर थुंकी पुन्हा तपासली, पण या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली. ट्रूनॅटसारखी तपासणी मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडते, त्यामुळे बरं होणाऱ्या माणसाचाही अहवाल ‘आहे’ असा येऊ शकतो. कोणी खासगीत पैसे भरून ती पुन्हा करून घेतली असेल तर घाबरू नये. त्याच वेळी वजन बघून घ्यावं. माझं चौथ्या महिन्यात 53 झालं. पाच किलोंहून जास्त वाढून वरचा गट लागला तर गोळ्या वाढतात, म्हणून तीनच्या चार झाल्या. हे कोणी आपणहून विचारेलच असं नाही, वजनकाट्यावर आपणच उभं राहावं.

घरात वेगळी भांडी, वेगळा कप, वेगळं अंथरूण यांची गरज नव्हती. टीबी हवेतून जातो, ताटातून नाही. मास्क, उघड्या खिडक्या आणि ऊन हेच उपयोगाचं, आणि गोळ्या नीट चालू असतील तर संसर्ग पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने कमी होतो. आधीच्या पिढीला टीबी म्हटलं की मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं टीबी सॅनेटोरियम आणि वर्षभराचं एकांतवासाचं जिणं आठवायचं. मद्रासमध्ये झालेल्या आणि 1959 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी राहून औषध घेणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. मात्र घरातल्या सगळ्यांची तपासणी करावीच लागते. पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी नसला तरी प्रतिबंधक औषध देतात, कारण लहान मुलांत तो मेंदूपर्यंत लवकर पोचतो.

168 वा डोस झाला, थुंकी स्वच्छ आली. एक्स-रेमध्ये मात्र उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरी रेघ राहिली आहे. ती जखम भरल्याची खूण आहे, ती कायम राहील, आणि तिच्यासाठी औषध नाही. तिच्यामुळे पुढे कधी साध्या खोकल्याला नवा डॉक्टर परत टीबीची शंका घेऊ शकतो, म्हणून शेवटची फिल्म आणि निक्षयचा क्रमांक एका पाकिटात ठेवले आहेत. जुनी फिल्म शेजारी धरली की रेघ तीच आहे हे दिसतं. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं आहे.