मागचं दार

नाटकाला जाणाऱ्या माणसांच्या दोन जाती असतात. एक समोरून जाणारी, दुसरी मागून जाणारी. मी मागच्या जातीतला. उमेदीची बरीच वर्षं हौशी नाटकांत गेली, पण ती पडदा ओढण्यात, लेव्हल्स म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे उचलण्यात आणि ऐन वेळी हरवलेली मिशी शोधण्यात. रंगमंचावर पाऊल टाकलं ते एकदाच, दुसऱ्या अंकात चहाचा ट्रे घेऊन. वाक्य नव्हतं. ट्रे ठेवायचा आणि निघायचं. तो ठेवतानाही कपबशी वाजली म्हणून दिग्दर्शक आठवडाभर बोलत होता.

तेव्हापासून सवय अशी की कुठल्याही गावातलं नाट्यगृह दिसलं की आधी त्याच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारायची. समोर झगमगाट सगळीकडे सारखाच असतो. मागे मात्र तुटकी खुर्ची, उलटा ठेवलेला नेपथ्याचा फ्लॅट, बिडी ओढणारा कामगार आणि अंगात राजाचा अंगरखा घालून मोबाइलवर घरचं वीजबिल भरणारा नट, असं खरं नाटक चालू असतं.

लंडनला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा तिला ही सवय ठाऊक असल्यामुळे तीच म्हणाली, "मामा, तुला भुताचं दार दाखवते. तिकीट लागत नाही."

स्ट्रँड या मोठ्या रस्त्यावर अडेल्फी थिएटर आहे. आम्ही समोरून न थांबता वळसा घालून मागच्या मेडन लेन नावाच्या गल्लीत शिरलो. गल्ली अरुंद, आपल्या पेठेत शोभेल अशी. तिथे स्टेज डोअर, म्हणजे नटांच्या ये-जा करायच्या दाराजवळ, भिंतीवर एक पाटी आहे. विल्यम टेरिस, 1847 ते 1897, अडेल्फीच्या मेलोड्रामांचा नायक, याचा या थिएटरबाहेर अकाली अंत झाला, अशा अर्थाची. पाटी इतकी साधी की एखाद्या वैद्याची वाटावी.

आम्हा पुणेकरांना 1897 म्हटलं की प्लेग आणि रँड एवढंच आठवतं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून जून महिन्यात जल्लोष झाला आणि त्याच रात्री गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच राणीच्या राजधानीत, त्याच वर्षी डिसेंबरात, तिच्या प्रजेचा लाडका नट मागच्या दाराशी पडला, हे मला त्या दिवशी कळलं.

टेरिस हा देखणा, उमदा आणि थोडा भटका माणूस. फॉकलंड बेटांवर मेंढ्या पाळून झाल्या, त्याची मुलगी एलालीन तिथेच जन्मली. पुढे केंटकीत घोडे झाले, आणि मग नाटक. त्या काळचा मोठा नट हेन्री आयर्विंग याच्या लायसियम कंपनीत नाव कमावलं आणि अडेल्फीत तो कोसळत्या बुरुजावरून उडी मारणारा, नायिकेला वाचवणारा नायक झाला. प्रत्यक्षातही बुडणाऱ्यांना वाचवल्याबद्दल त्याला पदक मिळालं होतं. लोक त्याला 'ब्रीझी बिल' म्हणत. वाऱ्याच्या झुळकेसारखा बिल! आपल्याकडे नटाला असं काही लाडाचं नाव पडलं, तर त्यानंतर त्याचं खरं आडनाव कुणाला आठवत नाही.

16 डिसेंबरला, संध्याकाळी सातच्या सुमारास, तो मित्राबरोबर घोडागाडीतून मेडन लेनमध्ये उतरला. त्या वेळी तो अमेरिकी यादवी युद्धातल्या एका हेराची भूमिका करत होता. गर्दी टाळायला त्याच्याकडे या बाजूच्या खासगी दाराची किल्ली होती. किल्ली कुलपात घातली आणि मागून सुरा आला. मारणारा रिचर्ड आर्चर प्रिन्स, स्कॉटलंडातल्या डंडीचा, किरकोळ कामं करणारा, काम न मिळाल्यानं कंगाल झालेला नट. आसपासचे त्याला 'वेडा आर्चर' म्हणत. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे चुकतो, पण दुसरा सुचत नाही) की टेरिसनंच त्याला आधी मदत केली होती, नटांच्या मदतफंडातूनही पैसे मिळवून दिले होते. त्या दिवशी फंडाच्या कचेरीतून प्रिन्स रिकाम्या हातानं परतला. अडचणीच्या काळात मदत करणाऱ्याचाच राग येतो, हे मी दोनचारदा जवळून पाहिलंय, पण सुऱ्यापर्यंत नाही.

टेरिसनं त्याची नायिका आणि जीवाभावाची सखी जेसी मिलवर्ड हिच्या कुशीत प्राण सोडला. "मी परत येईन," असं तो शेवटी म्हणाला, असं सांगतात. त्याच्या जागी उभं राहायच्या बदली नटाला म्हणे आदल्या रात्रीच तो जिन्यावर पडल्याचं स्वप्न पडलं होतं. बदली नटाला नायक पडल्याची स्वप्नं एरवीही पडतच असणार, पण ते सोडून देऊ.

आयर्विंग त्या वेळी एक कडवट वाक्य बोलला असं म्हणतात. टेरिस नट होता, तेव्हा त्याच्या खुन्याला फाशी होणार नाही. तसंच झालं. खटल्यात प्रिन्स वेडा ठरला आणि ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगात गेला. तिथे तो म्हणे वाद्यवृंदाचं संचालन करायचा. म्हणजे काम न मिळालेल्या नटाला शेवटी हक्काचा प्रेक्षकवर्ग मिळाला, आणि तो मधेच उठून जाणाराही नव्हता. टेरिसच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी काढून ईस्टबोर्नच्या समुद्रकिनारी लाइफबोटीसाठी एक इमारत बांधली. पोहणाऱ्या माणसाला साजेसं स्मारक. पुतळ्यापेक्षा कितीतरी बरं.

भुताकडे येतो.

त्याचं भूत मेडन लेनमध्ये दिसतं, असं लोक सांगत आले. 1928 साली अडेल्फीतल्या एका नटीनं आपल्या खोलीत हिरवट उजेड पाहिला, दाराबाहेर दोन टकटक ऐकल्या, अशी कहाणी आहे. जेसीच्या खोलीवरून जाताना टेरिस आपल्या काठीनं तिचं दार वाजवत जायचा, ही तीच टकटक, असं म्हणतात. मला या सगळ्या भुताटकीत ही टकटक सगळ्यांत खरी वाटली. कुणी किंचाळतंय, साखळ्या ओढतंय, हे बनवलेलं वाटतं. पण रोज जाता जाता एका दाराला काठी टेकवायची सवय, ती माणूस गेला तरी कुठे जाईल?

आणि हे भूत इमारतीला अजिबात जुमानत नाही. टेरिस ज्या दारात पडला ते व्हिक्टोरियन थिएटर आता उरलेलं नाही. 1901 साली त्याची नव्यानं बांधणी झाली, 1930 साली पुन्हा पाडून आजचं झालं. म्हणजे 1928 ची टकटकसुद्धा जुन्या दारावरची नव्हती. भिंती बदलल्या, जिने बदलले, हा आपला त्याच जागी येतो. शनिवारवाड्याचंही असंच नाही का? वाडा 1828 च्या आगीत जळाला, उरले ते दरवाजे, तट आणि बुरूज. "काका मला वाचवा" मात्र पौर्णिमेच्या रात्री ऐकू येतंच, निदान ऐकल्याचं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच.

याहून मजेची गोष्ट कोव्हेंट गार्डन या भुयारी रेल्वेच्या स्टेशनची. 1955 च्या सुमारास तिथल्या कर्मचाऱ्यांना हातमोजे घातलेला एक उंच माणूस दिसायचा, चित्र दाखवल्यावर त्यांनी टेरिसच ओळखला म्हणे. पण हे स्टेशन उघडलं 1907 मध्ये, टेरिस गेल्यावर दहा वर्षांनी! आयुष्यात जिथे पाऊल टाकलं नाही तिथे भूत कशाला जाईल? यावर लोकांनी उत्तर काढून ठेवलंय. त्या जागी पूर्वी एक बेकरी होती आणि तो तिथे नेमानं जायचा. हे उत्तर मला फार आवडलं. खून, सूड, अतृप्त आत्मा, सगळं बाजूला. माणूस पाव घ्यायला येतो. शंभर वर्षांपूर्वी जायचा तसाच. दुकान बंद झालंय हे त्याला कुणी सांगितलं नाही एवढंच.

आम्हीही त्याच स्टेशनवरून गेलो होतो. तिथल्या जिन्याच्या पायऱ्या 193, पंधरा मजल्यांइतक्या. लिफ्ट वापरा, अशी सूचना मोठ्यानं होत होती आणि मी ती ऐकूनही न ऐकल्यासारखी केली. साठीनंतर असं करू नये. अर्ध्या वाटेत धापा टाकत उभा राहिलो तेव्हा वरून हातमोज्यांचा माणूस उतरला असता, तर मी त्याला फक्त पाणी मागितलं असतं.

गल्लीत उभं राहून मात्र माझ्या डोक्यात टेरिस नव्हता, प्रिन्स होता. त्याचं भूत कुणालाच दिसत नाही. मेडन लेनमध्ये दबा धरून तो बसला, सगळ्या शहराच्या तोंडी त्याचं नाव झालं, ब्रॉडमूरमध्ये कित्येक वर्षं जगला, पण परत यायची पाळी आली तेव्हा भूमिका पुन्हा नायकालाच. वाक्य नसलेल्या माणसाला मेल्यावरही वाक्य मिळत नाही. त्यानं केलं ते भयंकरच, त्याची वकिली मला करायची नाही. पण ट्रे घेऊन आत जाणं म्हणजे काय, हे मला थोडं माहीत आहे.

याच थिएटरात 2021 साली मोटारीतून मागच्या काळात जाणाऱ्या पोराचं संगीतनाटक लागलं, असं भाचीनं सांगितलं. एवढी मोटार, एवढी यंत्रं, एवढा धूर. मागच्या गल्लीत तेच काम एक माणूस काठी घेऊन पायी करतोय.

तेवढ्यात स्टेज डोअर उघडलं. आतून काळ्या कपड्यांतला एक पोरगा कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला, पिशवी ठेवली आणि परत जाताना मला तिथे उभा बघून दार तसंच धरून थांबला. आत यायचंय का, अशी मान हलवली. भाची हसायला लागली. "मामा, त्याला तू बॅकस्टेजचा वाटलास!"

मी हातानंच नको म्हणालो. पोरानं खांदे उडवले आणि दार लावून घेतलं.